कमरेखालचं सोनं

शहापूर तालुक्यात अंगावर सोनं बाळगणारी माणसं पुष्कळ सापडतील. अंगात सोनं बाळगणारा मात्र मी एकटाच. हे मी अभिमानाने सांगत नाही. ते सोनं मला मिरवता येत नाही, मोडता येत नाही, गहाण टाकता येत नाही, आणि ते नेमकं कुठे आहे हे चारचौघांत सांगताही येत नाही. तरीसुद्धा ते सगळ्या तालुक्याला माहीत आहे, आणि माझी तक्रार तीच आहे.

मी मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होतो. नाव दामोदर, पण गाव दामूभाऊ म्हणतं आणि माझी थोरली बहीण दाम्या म्हणते. कचेरीत असताना माझ्यासमोर बसायची कुणाची छाती नव्हती. पेन्शनीत निघालो आणि वर्षाच्या आत माझी स्वतःचीच बसायची छाती होईना, अशी वेळ आली. ती कशी आली तेच सांगतो.

सुरुवात अगदी किरकोळ होती. लघवीला जायचं आणि नुसतं उभं राहायचं. परसातल्या केळींमागे मी इतका वेळ उभा असायचो की शेजारचे बारकूशेट सोनार एकदा कुंपणावरून म्हणाले, "दामूभाऊ, घड काय कोन चोरत नाय हो. रात्रंदिस कशाला राखन करता?" पुढे रक्त दिसलं, तेव्हा मी घाबरून दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तपासलं. कसं तपासलं ते विचारू नका. ज्या माणसापुढे पाटील-तलाठी हात जोडून उभे राहायचे, त्याला भिंतीकडे तोंड करून कुशीवर झोपवण्यात आलं एवढंच सांगतो. मग हात धुता धुता ते म्हणाले, "प्रोस्टेट नावाची गाठ असते. ती दगडासारखी लागतेय. मुंबईला जा. उशीर करू नका."

मुंबईला जा! बेचाळीस सालचा माघ महिना तो. जपानी लोक मुंबईवर बॉम्ब टाकणार म्हणून सारी मुंबई गावाकडे पळत होती. आमच्या आसनगावपासून खर्डीपर्यंत एक गोठा भाड्याने मिळत नव्हता. आणि सरकार लढाईसाठी घरोघरचं सोनं काढून नेणार, अशी आणखी एक आवई उठली होती. त्यामुळे जो तो आपलं सोनं कुठेतरी पुरत होता. कुणी चुलीखाली, कुणी गोठ्यात, कुणी भाताच्या कणगीत. सकाळी फिरायला निघालं की दर दोन घरांआड एकाची ताजी सारवलेली जमीन दिसायची, आणि त्याने तिथे काय केलंय हे त्याच्याशिवाय सगळ्यांना ठाऊक असायचं.

त्यात आमच्या कमळचं लग्न ठरलेलं. मुरबाडच्या कुंडलिकरावांचा मुलगा, घरची भाताची गिरणी, मुहूर्त वैशाखातला. कुंडलिकराव म्हणजे कडक माणूस. बैठकीत मी सांगितलं की लढाईचे दिवस आहेत, मंगळसूत्र आणि पाटल्यांपलीकडे सोनं माझ्याच्याने होणार नाही. तेव्हा ते मधेच उठून बाहेर गेले. आले, बसले, पुन्हा उठून गेले. दर वेळी मला वाटे, बैठक मोडली. शेवटी ते म्हणाले, "बरं. तुमी कचेरीतली मानसं, खोटं नाय बोलायची. तुमच्या शब्दावर आमी पोरगी करतो." असा माझा शब्द त्यांच्याकडे पडलेला, आणि इकडे दवाखान्याच्या डॉक्टरांनी निघता निघता कॅन्सर हे नाव उच्चारलेलं. हे नाव मुरबाडला पोचलं तर लग्न मोडणार, यात मला तिळमात्र शंका नव्हती. बापाचा रोग मुलीच्या रक्तात असतो असं म्हणणारी माणसं आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत. कमळ माझी एकुलती एक. तिच्या कन्यादानाला पाटावर बसेपर्यंत मी जगलो पाहिजे, आणि तोपर्यंत कुणाला कळता कामा नये, एवढंच माझं मागणं होतं.

"मूळव्याध म्हना," माझी बायको सुंदरा म्हणाली. "त्याचं नाव घेतलं की पुढं कोन काय विचारत नाय. लाजतात मानसं."

सुंदराचं सगळ्याच बाबतीत बरोबर असतं, फक्त माणसांच्या बाबतीत तिचा अंदाज चुकतो. मूळव्याध म्हटल्याबरोबर शहापुराला कंठ फुटला. ज्या गृहस्थांशी माझं वीस वर्षं पाऊस-पाण्यापलीकडे बोलणं नव्हतं, ते रस्त्यात थांबवून आपली हकीकत सांगू लागले, आणि तीसुद्धा हातवारे करून. निवृत्त शाळामास्तर रघूनाना यांनी तर मला त्यांच्या ओसरीवर नेऊन आतल्या दोरीवर टांगलेली स्वतःची बसायची गोल उशी दाखवली. सगळ्यांचा उपाय मात्र एकच, सुरण. पहिला सुरण रघूनानांकडून आला. मग बारकूशेटकडून आला. आमचा गाडीवान धर्मा एक सुरण घेऊन आला तो दोन हातांत मावत नव्हता, आणि वर म्हणाला, "सिद्धगडाच्या रानातला हाय भाऊ. हा खाल्लात की टुनकन बसाल." शेवटी मुरबाडहून खुद्द कुंडलिकरावांची टोपली आली. सोबत निरोप, की हा रोज खावा, आणि त्याने लघवीलाही मोकळं होतं का ते जरूर कळवावं. मला हा प्रश्न जरा आडवळणाचा वाटला, पण व्याह्यांचा प्रश्न म्हणून मी "होतं" असं कळवून टाकलं. महिनाभर आमच्या घरी सुरणाची भाजी, सुरणाच्या काचऱ्या, सुरणाचं भरीत. नसलेल्या मूळव्याधीसाठी इतका सुरण खाल्लेला माणूस दुसरा झाला नसेल. घसा खाजून खाजून मला खरोखरच आजाऱ्याची कळा आली.

मुंबईला निघालो त्या सकाळी अंबूआक्काने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, सुंदराला दाराआड नेलं आणि तिच्या हातात काहीतरी कोंबलं. आक्का लहानपणी विधवा झाली तेव्हापासून आमच्याकडेच असते. मला वाटलं, वेलदोडा असेल, गाडी लागू नये म्हणून. सुंदराने ते कनवटीला खोचलं. पुढे साऱ्या प्रवासात ती मधूनमधून कनवटी चाचपत होती. मी एकदा वेलदोडा मागितला, तर तिने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

इस्पितळात आम्हांला पहिला दिवस नुसतं बाकावर बसवलं. दुसऱ्या दिवशी कळलं, बाक चुकीचा होता. मी कारकुनाला म्हणालो, "मी स्वतः अव्वल कारकून होतो." तो म्हणाला, "मग तुम्हांला ठाऊकच असेल," आणि खिडकी लावून घेतली.

मोठे डॉक्टर भले माणूस होते. त्यांनी समजावून सांगितलं. तांदळाच्या कणीएवढ्या बारीक सोन्याच्या नळ्या असतात, त्यांत रेडियमपासून काढलेला वायू कोंडलेला असतो. त्या नळ्या सुईने गाठीत रोवायच्या. तो वायू काही आठवडे गाठीला आतून भाजत राहतो, मग त्याचा जोर ओसरतो. सोनं राहतं तिथल्या तिथे, जन्मभर.

"सोनंच का?" मी विचारलं. लढाईच्या दिवसांत ही उधळपट्टी मला पटेना.

"सोनं गंजत नाही आणि अंगाला बाधत नाही," डॉक्टर म्हणाले. अंगाला बाधत नाही हे खरं. बाकी कशाकशाला बाधतं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

प्रत्यक्ष क्रियेबद्दल मी फार बोलणार नाही. माझे दोन्ही पाय वर टांगून बांधले आणि खोलीत सात-आठ तरुण मुलं शिकायला म्हणून आली. त्यांतल्या एकाने मला ओळखलं. आमच्याच तालुक्यातल्या शेणव्याचा होता. त्याच्या बापाचं गहाळ झालेलं प्रकरण मी एकदा शोधून दिलं होतं. "नमस्कार भाऊ," तो म्हणाला, आणि मला त्या अवस्थेत त्याला आशीर्वाद द्यावा लागला.

निघताना त्या खिडकीवाल्या कारकुनाने मला एक चिमटा आणि एक शिशाची जड डबी दिली. एखादी नळी लघवीवाटे पडली तर हात न लावता चिमट्याने डबीत ठेवायची आणि परत आणून द्यायची. "सोनं इस्पितळाचं आहे. तुमचं नाही," तो बजावून म्हणाला. "म्हणजे रोज गाळून बघायचं." सरकारी मालाची इतकी वर्षं राखण केली, पण ती अशा ठिकाणी करावी लागेल असं कधी स्वप्नातही आलं नव्हतं.

आसनगाव स्टेशनावर धर्माची बैलगाडी उभी होती. बसणं तर शक्यच नव्हतं. मग मी गाडीत पालथा पडलो, हनुवटी मागच्या फळीवर टेकून. बाजारपेठेतून गाडी निघाली तसा सगळा गाव माझ्या तोंडासमोर मागे पडत गेला आणि मी पाठमोरा पुढे गेलो, असा उलटा प्रकार झाला. लोक हात जोडत होते, मी मान हलवत होतो. "कापली काय?" रघूनानांनी ओसरीवरून ओरडून विचारलं. "सुरण खाल्ला नाही, म्हणून कापावी लागली!"

घरी आल्यावर माझे खरे हाल सुरू झाले. दर अर्ध्या तासाला परसात धावायचं, तिथे आग आग व्हायची, आणि वर सुंदराने दिलेली गाळणी हातात. ही गाळणी चहाची होती. सुंदराने चहाला नवी आणली होती हे मी मुद्दाम नमूद करतो, कारण पुढे रघूनानांनी आमच्याकडे चहा घेणं सोडलं. आक्काने तिसऱ्याच दिवशी मला गाळणीसकट पकडलं.

"दाम्या, तिकडं काय चहा करतोस?"

खोटं बोलायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. रोगाचं नाव ऐकून ती नुसती मान हलवत राहिली, म्हणजे ते तिला सुंदराकडून आधीच कळलेलं असणार. पण सोन्याचं ऐकलं आणि तिची मान हलायची थांबली.

"कमरेखाली?"

"हो."

"सोनं? कमरेखाली? अरे, राजाची रानी झाली तरी पायात चांदी घालते! लक्ष्मी ती! तिला कमरेखाली कोन नेतं का रे? आनि नेली ती पन कुठं, तर तिथं?"

मी म्हणालो की जागा मी निवडलेली नाही. ती म्हणाली, डॉक्टर म्लेंच्छ असेल, पण तुला तोंड होतं ना? दंडात घाल म्हणायचं, गळ्यात घाल म्हणायचं. गाठ जिथे आहे तिथेच औषध घालावं लागतं हे तिला पटेना. मग तिने स्वतःच तोड काढली. लक्ष्मीला घेऊन मी दिवसातून इतक्या वेळा परसात जाणार, तर दर वेळी जाण्याआधी हात जोडून "आई लक्ष्मी, क्षमा कर" म्हणायचं. चपला काढून जायचं. आणि शुक्रवारी दिवा. तो शुक्रवार मी विसरणार नाही. मी भिंतीला धरून उभा, आक्का हातात निरांजन घेऊन माझ्यासमोर, आणि ओवाळायचं नेमकं कुठे यावर तिची आणि सुंदराची चर्चा. शेवटी आक्काने डोळे मिटून अंदाजाने ओवाळलं. कमळ स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होती. मला राग आला, पण पोरीला हसताना बऱ्याच दिवसांनी पाहिलं म्हणून मी काही बोललो नाही.

फाल्गुनात एक नळी पडली. गाळणीत एवढासा पिवळा कण. सुंदराने चिमट्याने तो डबीत टाकला आणि डबी कोनाड्यात ठेवली. पुढच्या आठवड्यात इस्पितळात जाऊन ती परत करायची, एवढं साधं काम होतं. पण आक्काच्या डोक्यात किडा वळवळला, की ते खरं सोनं कशावरून? पितळ असेल तर लक्ष्मीचा प्रश्नच मिटला, रोज हात जोडायला नकोत, शुक्रवार नकोत. माझ्यावर दया येऊनच तिने हे केलं, हे मला मान्य आहे. दुपारी आम्ही सगळे पडलेलो असताना ती डबी घेऊन कुंपणापलीकडे बारकूशेटकडे गेली.

बारकूशेटनी कण चिमट्याने कसोटीच्या दगडावर ओढला. "अस्सल," ते म्हणाले. "कुठलं गो आक्का?"

रोगाचं नाव घ्यायचं नाही एवढं आक्काला पक्कं माहीत होतं. म्हणून तिने जे खरं होतं तेवढंच सांगितलं. "दाम्याच्या अंगातलं. मुंबईच्या डाक्टरानं आत ठेवलंय. त्यातला ह्यो कन खाली पडला."

आता तुम्हीच विचार करा. गावोगाव लोक सोनं पुरायला जागा शोधतायत. माजी अव्वल कारकून एकाएकी मुंबईला जातो, मूळव्याधीचं निमित्त सांगतो, पालथा पडून परत येतो, कुणाला नीट भेटत नाही, आणि त्याच्या अंगातून अस्सल सोनं पडतं. बारकूशेटनी दुपारभर विचार केला आणि दिवेलागणीपर्यंत सगळ्या शहापुराला उत्तर मिळालं. दामूभाऊंनी आपलं सोनं सरकारला सापडू नये म्हणून स्वतःच्या अंगात शिवून घेतलं होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात रघूनाना. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "मला आधी का नाही सांगितलंत? मूळव्याधीचं सोंग छान वठवलंत हो. मी फसलो. आता मला एवढंच सांगा, कंठी बसेल का? की तुकडे करावे लागतात?" मी म्हणालो, तसं काही नाही. त्यांनी डोळे मिचकावले. "तुम्ही नाहीच म्हणणार. तुमच्या जागी मीही म्हटलं असतं." त्यांच्यामागून बाईजा आली. सुकट विकणारी म्हातारी, तिच्याकडे एक नथ. "भाऊ, येवढीच हाय. माझ्या अंगात काय जागा नाय, हाडंच हायत. तुमच्यात येवढी र्‍हाईल का? लढाई सरली की द्या परत." आता हिच्यावर रागवायचं तरी कसं? मी तिला नथ घरी ठेवायला सांगितली, तर ती रुसून गेली. मोठ्या माणसांचं ठेवून घेतलं असेल, गरिबाचं नको, असं तिने बाजारात सांगितलं. म्हणजे आता मी नुसतं माझंच नव्हे तर इतरांचंही सोनं अंगात ठेवून घेत होतो.

चौथ्या दिवशी पोलीस ठाण्यातले हवालदार आले. त्यांना वर्दी मिळाली होती. त्यांनी ओसरीवर सतरंजी मागितली, पंच म्हणून बारकूशेटना बोलावलं, पेन्सिल ओली केली आणि म्हणाले, "हं भाऊ, जागा दाखवा."

मी आयुष्यात शेकडो पंचनामे नजरेखालून घातले, पण घटनास्थळ होण्याची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती. हवालदारांना मी आत नेलं, दार लावलं, आणि हलक्या आवाजात खरी हकीकत सांगितली. ते गंभीर झाले. "कुणाला बोलणार नाही, भाऊ," ते म्हणाले, आणि बाहेर येऊन पंचांना त्यांनी सांगितलं, "काही नाही. वर्दी खोटी." हवालदारांनी शब्द पाळला. परंतु बंद दाराआडून हवालदार रिकाम्या हाताने परत गेलेले पाहून गावाने एवढाच अर्थ काढला, की त्यांचंही काहीतरी आत गेलं.

आणि मग मुरबाडहून निरोप आला. कुंडलिकराव येतायत. एकटे. लग्नाबद्दल बोलायचं आहे.

ते का येतायत हे सांगायला ज्योतिषी नको होता. लढाईचे दिवस, सोनं होणार नाही, असं त्यांना सांगणारा मी. आणि माझ्या अंगात तोळेच्या तोळे दडवलेले! खरं सांगावं तर कॅन्सर बाहेर पडतो आणि लग्न मोडतं. न सांगावं तर मी लबाड ठरतो आणि लग्न मोडतं. रात्रभर मी हाच हिशेब करत परसात येरझाऱ्या घालत होतो. तशाही त्या घालाव्याच लागत होत्या. सकाळी कमळने माझ्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाली, "बाबा, मोडलं तर मोडू दे. तुमी नका झुरू." मला रडू आलं. पण रडायला बसावं लागतं, आणि मी बसू शकत नव्हतो.

कुंडलिकराव आले ते गाडीतून उतरल्या उतरल्या विचारते झाले, "परस कुठं हाय?" बऱ्याच वेळाने परत आले, बैठकीवर बसले. मी उभा.

"बसा," ते म्हणाले.

"उभाच बरा आहे."

"बसा म्हनतो ना! व्याह्यासमोर उभं र्‍हाऊन तोरा दाखवता?" त्यांचा आवाज चढला. "तुमच्या शब्दावर आमी पोरगी केली. आनि तुमी सोनं अंगात शिवून घेता? आमच्या मुरबाडच्या बाजारात पोरं हसतायत. खरं सांगा, हाय का नाय अंगात सोनं?"

"आहे," मी म्हणालो. आणि मग माझा संयम सुटला. सुरण, गाळणी, निरांजन, नथ, पंचनामा, सगळं माझ्या डोक्यात एकदम उसळलं. मी म्हणालो, "आहे! तांदळाच्या कणीएवढं, आणि माझं नाहीच, इस्पितळाचं आहे! मला मूळव्याध कधी झालीच नव्हती. तुमचा सुरण मी फुकट खाल्ला. मला कॅन्सर आहे. लघवीच्या जागी गाठ आहे, ती भाजायला आत सोन्याच्या नळ्या घातल्यात. दिवसातून वीस-वीस वेळा मी त्या केळीमागे उभा राहतो, लक्ष्मीची माफी मागून. आता मोडा लग्न. पण माझी पोर गुणाची आहे, आणि मी लबाड नाही, एवढं मुरबाडच्या बाजारात सांगा."

दाराआड सुंदरा हुंदका देत होती. कुंडलिकरावांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं, पुन्हा घातलं. मग दाराकडे पाहून म्हणाले, "वयनी, जरा पानी आना. सावकाश आना." सुंदराची पावलं दूर गेली तसे ते माझ्याजवळ सरकले.

"आधी थेंब थेंब व्हायचं काय?"

"हो."

"उभं र्‍हायलं तरी येत नाय, आनि परत येऊन बसलं की लगेच लागते?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. बैठकीत दर घटकेला उठून जाणारे कुंडलिकराव मला आठवले. सुरणाच्या टोपलीबरोबर आलेला तो आडवळणाचा प्रश्न आठवला.

"दीड वरीस झालं," ते म्हणाले. त्या कडक माणसाचा आवाज पार खाली आला होता. "घरात कुनाला ठावं नाय. तुमाला कळलं तर तुमी पोरगी देनार नाय, म्हनून भ्यालो. दामूभाऊ, ते इस्पितळ कुठंशी हाय?"

इतके महिने मी त्यांना भीत होतो आणि ते मला. मी त्यांचा हात धरला. आम्ही दोघे पन्नाशी ओलांडलेले पुरुष तसेच हात धरून राहिलो, सुंदरा पाणी घेऊन येईपर्यंत. मग दोघांनाही एकदमच परसात जावं लागलं. त्यांना हात जोडायची गरज नव्हती, पण मी जोडले म्हणून त्यांनीही जोडले.

लग्न वैशाखात ठरल्या दिवशी झालं. त्याआधी मी कुंडलिकरावांना मुंबईला नेऊन आणलं. त्यांची गाठ साधी निघाली, बाकही मी पहिल्याच दिवशी बरोबर दाखवला, आणि ती डबीही खिडकीत परत केली. कारकुनाने नळी भिंगातून पाहिली आणि विचारलं, "एकच?" मी म्हणालो, "बाकीचं जपून ठेवलंय."

कन्यादानाला पाटावर मऊ उशी होती. ती रघूनानांची होती, दोरीवरची. त्यांनी ती स्वतः आणून दिली, डोळा मिचकावून. मी बसलो. दुखत होतं, पण बसलो. कमळचा हात माझ्या हातात होता. समोर कुंडलिकराव चुळबुळत होते. भटजी म्हणाले, "यजमान, वराच्या दक्षिणेचं सोनं हातात घ्या. गुंजभर चालेल."

ते आणायचं काम माझ्याकडे होतं आणि मी साफ विसरलो होतो. शे-दीडशे माणसं माझ्याकडे पाहत होती, आणि कुठे पाहत होती ते मला समजत होतं. मागून कोणीतरी खुसखुसलं. मुहूर्त निसटत चाललेला. तेवढ्यात शेजारी बसलेल्या सुंदराने कनवटीत हात घातला आणि एक सोन्याचा मणी माझ्या तळहातावर ठेवला. मी पाणी सोडलं, मणी जावयाच्या ओंजळीत गेला, आणि माझी पोर त्यांची झाली.

दुसऱ्या दिवशी वरात मुरबाडला पोचती करून आम्ही परत आलो. घर रिकामं लागत होतं. आक्का सुंदरापाशी आली आणि हात पुढे केला.

"माझा मनी दे गो आता. दाम्या बसला पाटावर."

सुंदराने रिकामी कनवटी चाचपली. मग म्हणाली, "आक्का, तो जावयाला गेला. भटजींनी सोनं मागितलं, दुसरं जवळ नव्हतं."

"कसला मणी?" मी विचारलं.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. शेवटी आक्काच बोलली. "माझ्या मंगळसूत्राचा. मी मरेन तवा तोंडात घालायला ठेवला होता. तू मुंबईला निघालास तवा सुंदराला दिला. परमुलखात काय झालं तर तुझ्या तोंडात सोनं कोन घालनार? आयच्या वेळेला ऐनवेळी सापडलं नव्हतं. मला अजून झोप लागत नाय."

म्हणजे मी जगायला निघालो होतो आणि ह्या दोघींनी माझी शेवटची तयारी कनवटीला खोचली होती! आणि मी तीच वेलदोडा समजून मागितलीदेखील होती! मी संतापून काहीतरी बोलणार होतो. पण आक्काचे डोळे पाहिले आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. लहानपणापासून तिच्याजवळ स्वतःचं म्हणावं असं सोनं तेवढंच होतं.

"आक्का," मी म्हणालो, "आता तुझ्या वेळी काय करायचं? माझ्यात अजून कण आहेत. त्यातला एखादा पडला तर..."

"कमरेखालचं?" आक्का ताडकन म्हणाली. "मेले तरी तोंडात घेनार नाय! बारकूकडनं नवा आन. आनि ऐक, माझ्या आधी जायचं नाय. मी मोठी हाय."

"बरं."

"बरं नाय. उठ, मगापासनं चुळबूळ करतोस. जाऊन ये. आनि हात जोडल्याबिगर जाऊ नको."